जास्वंदावर पांढरे किडे आहेत, पण त्यातले काही पळतात! औषध घालू की थांबू?

हिरवा_कोपरा:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कुंडीत लाल जास्वंद आहे, चांगलं कमरेएवढं वाढलंय, कळ्याही भरपूर येतात. पण आता शेंड्याची पानं चुरगळून, एकमेकांत गुंतून गोळा झालीयेत आणि त्या बेचक्यांत पांढरं पांढरं कापसासारखं काहीतरी बसलंय. पिठ्या ढेकूण असणार हे मलाही कळतंय, कळ्या उमलायच्या आधीच गळतायत, खालच्या पानांवर चिकट थर आलाय आणि त्यावर काळं धरायला लागलंय, मुंग्यांची तर दिवसभर खोडावरून वर-खाली रांग चालू असते.

माझा प्रश्न जरा पुढचा आहे. नीट बघितलं तर त्या पांढऱ्यांत दोन प्रकार दिसतात. एक बारके, लंबगोल, फांदीला चिकटून बसलेले, काडी लावली तरी जागचे हलत नाहीत, हलले तरी अगदी सुस्त. आणि दुसरे त्यांच्या दुप्पट-तिप्पट मोठे, अंगावर लांब पांढऱ्या झिपऱ्या, आणि हे चक्क चालतात, चांगले पटापट! एक तर देठावरून उतरून सरळ दुसऱ्या फांदीवर गेला माझ्यासमोर. मोठे म्हणजे हे यांचे आईबाप का? मग आधी तेच मारायला हवेत ना? कीटकनाशक आणून ठेवलंय, ते मातीत घालायचं असतं, झाड मुळातून शोषून घेतं म्हणे. उद्या सकाळी घालायचा विचार आहे, त्याआधी विचारून घेतेय.

शेवंती_०४:

निंबोळी तेल मारा. ५ मिली तेल, एक लिटर कोमट पाणी, अर्धा चमचा भांड्याचं लिक्विड. आधी तेल आणि लिक्विड एकत्र फेटा मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि अर्धं झाड कोरडं अर्धं तेलकट होतं. संध्याकाळी मारा, उन्हात नको, पानं करपतात आणि निंबोळीचा गुणही उन्हाने लवकर जातो. आठवड्याने परत. मोठे लहान सगळे जातील.

पानामागे:

अहो थांबा, उद्या सकाळी काहीही घालू नका! आणि शेवंती ताई, निंबोळी तेलाला माझा विरोध नाही, पण या झाडावर लगेच नको, कारण ताईंनी जे वर्णन केलंय ना, मोठे, झिपऱ्यावाले, पळणारे, ते पिठ्या ढेकूण नाहीतच बहुतेक. ते पिठ्या ढेकूण खाणाऱ्याची पिल्लं आहेत.

क्रिप्टोलिमस नावाचा एक ढालकिडा आहे, म्हणजे लेडीबर्डच, फक्त लाल-काळा ठिपकेवाला नाही. मोठा झालेला किडा ४-५ मिमीचा, पाठ काळपट तपकिरी, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब लांब धागे वाढवते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. त्यामुळे पिठ्या ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्यांच्या नजरेतूनही ती बऱ्याचदा सुटते आणि आत शिरून निवांत खात बसते. मुंग्या फसतात तिथे माणूस फसला तर नवल नाही, पण यात होतं असं की बाग करणारी माणसं सगळ्यात मोठा पांढरा किडा दिसला म्हणून सगळ्यात आधी त्यालाच चिरडतात, आणि जो एकटा शेकडो पिठ्या ढेकूण खाऊन टाकणार होता तोच जातो.

ओळखायचं कसं ते सांगतो, भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. पिठ्या ढेकणाची मादी पूर्ण वाढली तरी साधारण ३-४ मिमी, तिला पंख नसतात, ती जन्मभर तशीच लंबगोल चपटी राहते, सोंड फांदीत रोवून रस ओढत असते म्हणून हलत नाही. नर वेगळाच दिसतो, इवलासा, पंखवाला, त्याला खायला तोंडच नसतं, दोन-चार दिवसांत मरतो. म्हणजे मोठे पांढरे आईबाप हा हिशोब इथे बसत नाही. क्रिप्टोलिमसची अळी १२-१३ मिमीपर्यंत जाते, झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या, काडीने अलगद उलटी केलीत तर सहा ठसठशीत पाय दिसतात आणि सरळ होऊन ती लगेच चालायला लागते. अजून एक, ओल्या मऊ ब्रशने मेण जरासं पुसून बघा, पिठ्या ढेकूण आतून गुलाबीसर निघतो, अळी करड्या रंगाची दिसते. फार घासू नका, एखादीवर करून बघितलं की बाकीच्या नुसत्या नजरेनेही ओळखता येतात.

आता ते मातीत घालायचं औषध. ते बहुतेक इमिडाक्लोप्रिड किंवा त्याच्या जातीतलं असणार, डब्यावर घटक वाचून बघा. ते झाडाच्या रसात मिसळतं म्हणून रस पिणारा मरतो हे खरं, पण तेच परागात आणि मकरंदातही उतरतं, आणि जास्वंदावर मधमाश्या, शिंजीर पक्षी, फुलपाखरं सगळे येतात. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या दोन भावंडांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांमुळेच. शिवाय विष पोटात गेलेले पिठ्या ढेकूण खाऊन तुमच्या या अळ्यासुद्धा मरू शकतात. तुमच्याकडे राखणदार आपणहून आलेत, फुकट, न बोलावता, त्यांना काम करू द्या ही कळकळीची विनंती.

हिरवा_कोपरा:

बापरे! आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले. ब्रशने एकीचं मेण पुसलं तर खाली करडं अंग आणि पाय स्पष्ट दिसले, पाय झाडत लगेच पानाखाली गेली. आणि तिथेच, गोळा झालेल्या पानांच्या आत, एक पांढरा पुंजका फाडून त्यात तोंड घालून बसलेली दुसरी होती, आजूबाजूला गुलाबी ओलसर डाग आणि रिकामी सालं. म्हणजे खातायत खरंच. औषध परत खोक्यात ठेवलंय. पण मला सांगा, झाड तर वाळत चाललंय, शेंडे सगळे आखडलेत, या अळ्यांच्या भरवशावर किती थांबायचं? आणि मुंग्यांचं काय करू?

मातीमाखले_हात:

पानामागेंचं सगळं बरोबर आहे पण मी थोडं वेगळं सांगणार, कारण भक्षक किडा आपल्या पोटासाठी खातो, तुमचं झाड वाचवायची जबाबदारी त्याने घेतलेली नाही. जास्वंदाचे शेंडे असे आखडून गोळा होतात ते बहुतेक वेळा गुलाबी पिठ्या ढेकणामुळे, त्याच्या लाळेत विषारी द्रव्य असतं आणि ते कोवळ्या शेंड्यात गेलं की पानं वाकडी होतात, पेरं आखूड होतात. एकदा आखडलेला शेंडा परत सरळ होत नाही. मग तो ठेवायचा कशाला? कापा. निरोगी पेरापर्यंत खाली येऊन स्वच्छ कात्रीने कापा. जास्वंद छाटणीला घाबरत नाही, खालून दुप्पट फुटतं.

फक्त कापलेला शेंडा लगेच फेकू नका. पांढऱ्या कागदावर ठेवून पानं एकेक उलगडा, पळणाऱ्या अळ्या ब्रशने उचलून झाडावर उरलेल्या पिठ्या ढेकणांजवळ सोडा, आणि मग बाकीचं पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून टाका. कंपोस्टमध्ये अजिबात नको. पिठ्या ढेकणाची नुकती जन्मलेली पिल्लं धुळीच्या कणाएवढी असतात आणि तीच काय ती भरपूर चालतात, वाऱ्याने, मुंग्यांबरोबर, तुमच्या बाहीला चिकटून शेजारच्या कुंडीत जातात.

उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा द्यायचा असेल तर जिथे अळ्या नाहीत तिथेच द्या. खोडाच्या बेचक्यात एकटेदुकटे राहिलेले किडे कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढा. आणि खत काय देताय ते बघा! नत्र जास्त पडलं की लुसलुशीत फूट येते आणि रस शोषणाऱ्या सगळ्या किडी तिच्यावर तुटून पडतात. सध्या खत बंद.

पानामागे:

मातीमाखले दादांशी पूर्ण सहमत, अळ्या वेचून मग कापणं हाच बरोबर मार्ग, मी छाटणीचं लिहायला हवं होतंच पण आधी ते औषध थांबवायची घाई होती.

मुंग्यांचं सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि नत्र नावाला. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड यांना अंग वाढवायला नत्र हवं, म्हणून ते रस ओढतच राहतात आणि नको असलेली साखर मागून थेंब थेंब टाकत राहतात. तुमच्या खालच्या पानांवर आलाय तो चिकटा तोच. मुंग्यांना तो हवा असतो आणि त्या बदल्यात त्या भक्षकांना हाकलतात, गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक परोपजीवी माश्यांना पिठ्या ढेकणांच्या अंगात अंडी घालू देत नाहीत, पिल्लं उचलून नव्या फुटीवर नेऊन ठेवतात. म्हणून मुंग्या तोडल्या की निम्मं काम झालं. मुंग्या मारायची गरज नाही, फक्त रस्ता तोडा. खोडाला कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, त्यावर पेट्रोलियम जेली जाडसर लावा (सालीवर थेट नको, साल गुदमरते), धूळ बसली की परत लावा. आणि हे बघायला विसरू नका की एखादी फांदी भिंतीला, कठड्याला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली नाही ना. एक पान टेकलेलं असलं तरी तो पूल होतो आणि खालच्या जेलीचा काही उपयोग राहत नाही. कुंडी विटांवर उचलून खाली पाण्याची ताटली ठेवली तरी चालते, पण पाणी रोज बदला, डास होतील.

पानांवरचं काळं ही बुरशी आहे, कोळशी म्हणतात तिला. ती पानाच्या आत शिरत नाही, नुसती चिकट्यावर वाढते, ओल्या फडक्याने पुसली की जाते. पुसाच, कारण पानाला ऊन मिळत नाही तिच्यामुळे.

आणि भरवशाचं म्हणाल तर हे किडे काही आजचे नाहीत. कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीने बसत चालल्या होत्या तेव्हा १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून रोडोलिया नावाचा ढालकिडा आणून सोडला आणि बागा उभ्या राहिल्या. त्यानंतर काही वर्षांतच तिथूनच हा क्रिप्टोलिमसही पिठ्या ढेकणांवर आणला. जास्वंदावरच्याच गुलाबी पिठ्या ढेकणाने १९९४ मध्ये कॅरिबियन बेटांवर, ग्रेनाडापासून सुरू होऊन, असाच धुमाकूळ घातला, तिथेही क्रिप्टोलिमस आणि एक इवली परोपजीवी माशी सोडून आटोक्यात आणला. तिथे फवारण्या करून काही हाती लागलं नव्हतं. गंमत म्हणजे हा क्रिप्टोलिमस खादाड आहे, पिठ्या ढेकूण भरपूर असतील तिथे जोरात चालतो, अगदी कमी उरले की उडून दुसरीकडे जातो. तेव्हा शेवटचे चार-दोन राहणारच, ते तुमच्या बोळ्याने.

काटेगुलाब:

धागा वाचून मीही भिंग घेऊन गुलाबाकडे गेले आणि आता माझाच प्रश्न आहे. पानांच्या कडेला अगदी गोल, कंपासने काढल्यासारखे तुकडे कापलेत. अळी दिसत नाही, विष्ठा दिसत नाही, पोखरलेलं नाही, नुसते गोल. रोज एक-दोन पानं. रात्री टॉर्च घेऊन बघितलं, काहीच नाही. टोळ का?

पानामागे:

रात्री दिसणार नाही, ती दुपारी येते :) ती माशी आहे, मधमाशीचीच भावकी, मेगाकाइल म्हणतात. पोळं करत नाही, एकटी राहते. पानाच्या कडेवर बसून जबड्याने गोल फिरत तुकडा कापते आणि पोटाखाली धरून घेऊन जाते, उभं राहिलात तर काही सेकंदांत काम होताना दिसेल. तो तुकडा ती खात नाही. एखाद्या पोकळ काडीत, लाकडाच्या भोकात पानांचे लांबट तुकडे गुंडाळून कप्पे करते, प्रत्येक कप्प्यात पराग आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एक अंडं, आणि वर बरोबर गोल तुकड्याची झाकणं. म्हणून तुमच्या पानांवर दोन मापं दिसतील बघा, काही कापे गोल आणि काही लांबट. पराग ती पायावर नाही, पोटाखालच्या केसांवर वाहते, त्यामुळे परागीभवन फार चांगलं होतं. काही करू नका. गुलाबाला चार पानांनी काही होत नाही.

काटेगुलाब:

मग राहू दे, घेऊ दे हवी तेवढी. आणि पानाच्या मागे केसाएवढ्या दोऱ्यांवर उभी असलेली पांढरी टिंबं, हे काय? बुरशीची फळं असतात ना तशी? पुसून टाकणार होते.

मातीमाखले_हात:

नका पुसू! क्रायसोपर्लाची अंडी आहेत ती, हिरवी जाळीदार पंखांची नाजूक माशी रात्री दिव्यापाशी येते बघा, तिची. प्रत्येक अंडं वेगळ्या दोऱ्यावर असतं कारण तिची पिल्लं इतकी भुकेली असतात की आधी निघालेलं पिल्लू शेजारचं अंडं खाऊन टाकेल, शिवाय मुंग्यांच्याही तावडीतून जरा वाचतात. अळी मावा, फुलकिडे, पांढरी माशी, कोळी सगळं खाते, जबडे पोकळ असतात, टोचून आतलं शोषून घेते. काही जातींच्या अळ्या खाल्लेल्यांची सालं आणि कचरा पाठीवर लादून फिरतात, म्हणजे कचऱ्याचा एक बारका ढीग पानावर चालताना दिसला तर तो झटकू नका. गुलाबाच्या कळ्यांवर मावा असणार बहुतेक तुमच्याकडे, ती सहसा अशा खाण्याच्या जवळच अंडी घालते.

वांगीवाला:

मित्रकीटक म्हणून सगळ्यांना सोडू नका एवढं सांगायला आलो. लेडीबर्ड दिसला की आनंदाने सोडून देतात लोक आणि वांग्याची पानं आठवड्यात जाळी होतात. वांग्यावर, बटाट्यावर, कारल्यावर जो येतो तो एपिलॅक्ना, २८ ठिपक्यांचा (ठिपके कमी-जास्त असतात, मोजत बसू नका), तो पानं खातो. त्याचा रंग फिका तांबूस आणि पाठ मंद, बारीक लव असते म्हणून चमकत नाही. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची पाठ तुळतुळीत चमकते. अळी तर अजून सोपी, एपिलॅक्नाची पिवळट आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे, पानाच्या खालून हिरवा भाग समांतर रेघांमध्ये खरवडते आणि वरची पातळ साल तशीच ठेवते. मित्र ढालकिड्याची अळी लांबुडकी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, नेहमी माव्याच्या आसपास. अंडी दोघांची पिवळी, उभी, झुबक्यात, तिथे घोटाळा होतो. मी असं बघतो, झाडावर मावा आहे का? असेल तर अंडी राहू देतो. मावा नाही आणि वांग्याचं पान आहे, तर पान तोडून साबणाच्या पाण्यात.

हिरवा_कोपरा:

किती शिकायला मिळतंय! मी आखडलेले शेंडे कापले, कागदावर उलगडून अळ्या वेचल्या, हाताने उचलायला भीती वाटत होती पण ब्रशवर त्या आपणहून चढतात. खोडाला पट्टी आणि जेली लावलीय. मुंग्या पट्टीखाली घोळका करून उभ्या राहिल्या, मग त्यांनी खरंच कठड्याला टेकलेली एक फांदी शोधली, ती बांधून मागे घेतली. त्यानंतर वरच्या बेचक्यांत पांढरं कमी होत गेलंय आणि परवा एका पानाखाली काळपट, नारिंगी डोक्याचा इवला किडा बसलेला दिसला, स्थिर, मी कॅमेरा जवळ नेला तर पानाच्या पलीकडे गेला. खालच्या पेरांतून नवीन हिरवे कोंब फुटतायत, सरळ आहेत, आखडलेले नाहीत.

शेजारीच कढीपत्ता आहे, त्यावर पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी होतं आणि ते हललं! त्याचंही सांगा कुणीतरी, आता मारायचा हात होत नाही.

सुरवंटप्रेमी:

हे माझ्या आवडीचं! ते फुलपाखराचं बाळ आहे हो ताई. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडं आणि त्यांच्यावर मॉर्मन आणि लाइम फुलपाखरं अंडी घालतात, एकेक सुटं, कोवळ्या पानावर, पिवळसर गोल टाचणीच्या डोक्याएवढं. अळी लहान असते तेव्हा तपकिरी-पांढरी, ओलसर चमकणारी, बरोबर विष्ठेसारखी, म्हणजे पक्षी बघूनही सोडून देतो. शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होते, कारण आता ती मोठी झाली आणि एवढी मोठी विष्ठा कुणाला खरी वाटणार नाही, आता पानात मिसळून जाणंच बरं. तेव्हा तिच्या पाठीला बोट लावून बघा, अलगद हं, डोक्याच्या मागून नारिंगी-लाल दुहेरी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि बारके शत्रू त्याने पळतात. वास गेला की शिंगं परत आत.

आता झाडाचं. मोठ्या कढीपत्त्याला काही फरक पडत नाही, दोन-तीन आठवड्यांत खाऊन संपतं आणि कोषात जाते. पण रोप वितभर असेल तर दोन अळ्या पार दांडा शिल्लक ठेवतील, तेव्हा अळी असलेलं पान तोडून दुसऱ्या मोठ्या कढीपत्त्यावर टाचून द्या, ती आपणहून नव्या पानावर सरकते. ओढून काढू नका, पाय घट्ट धरलेले असतात, फाटते. आणि एखाद्या अळीला चिकटून पांढऱ्या बारक्या कोषांचा पुंजका दिसला तर ती अंडी नाहीत, परोपजीवी माशीची पिल्लं आतून बाहेर येऊन कोषात गेलेली असतात. ती अळी वाचत नाही. बघायला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण कोबीच्या आणि टोमॅटोच्या अळ्यांना आवर घालणाऱ्या माश्या याच जातीतल्या. पुंजका राहू द्या.

आणि कृपा करून कढीपत्त्यावर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध) फवारू नका. लोक म्हणतात सेंद्रिय आहे, काही होत नाही. माणसाला होत नाही हे खरं, पण बीटीची ती जात अळ्यांच्याच आतड्यावर चालते आणि तिला कोबीची अळी आणि फुलपाखराची अळी यातला फरक कळत नाही.

शेवंती_०४:

पानामागे, तुमचं वाचून जास्वंदाबद्दल मी माझं मागे घेते. पण माझ्या गुलाबावर काय आहे ते सांगा, निंबोळीने आणि दुकानातल्या स्प्रेने दोन्हीने जात नाहीये, उलट स्प्रेनंतर वाढलंय. पानं वरून धुरकट, फिके बारीक ठिपके, मग तपकिरी होऊन गळतात. किडा काही दिसत नाही. पानामागे अगदी बारीक जाळं वाटतंय.

पानामागे:

लाल कोळी असणार ताई. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी झटका, कागदावर पडलेल्या धुळीतले काही कण चालायला लागले तर तेच. बोटाने कागदावर चिरडलं तर तांबडी-हिरवट रेघ उमटते. हा कीटक नाही, आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला, म्हणून कीटकांसाठीची बरीच औषधं त्याला लागू होत नाहीत. आणि स्प्रेनंतर वाढला हे तुमचं निरीक्षण एकदम खरं आहे. हा कोळी खाणारे दुसरे कोळी असतात, थोडे मोठे, पळणारे, शिवाय बारके काळे ढालकिडे असतात, स्प्रेने ते मरतात आणि लाल कोळी उरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बागांमध्ये डीडीटी मारायला लागले तेव्हा जगभर हेच झालं, त्याआधी लाल कोळी एवढी मोठी कीड नव्हतीच. त्या दुकानातल्या स्प्रेवर घटक बघा, नावाच्या शेवटी थ्रिन असेल, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे, तर त्याने हमखास असं होतं.

काय करायचं, तर तो स्प्रे बंद. कोरडी गरम हवा आणि धूळ त्याला मानवते, म्हणून पानांच्या खालून, हो खालूनच, पाण्याचा जोरदार फवारा द्या, सकाळी, म्हणजे दिवसभरात पानं सुकतील आणि काळे डाग पडणार नाहीत. खूप खराब झालेली पानं काढून पिशवीत. दोन-तीन दिवसांनी परत फवारा, कारण अंडी चिकटून राहतात आणि गरम हवेत आठवड्याभरात अंड्यापासून मोठा कोळी तयार होतो, एकदा धुवून सोडून दिलं तर जैसे थे. निंबोळी किंवा साबणाचं पाणी चालेल पण ते अंगावर पडेल तेवढंच मारतं, आणि तुम्ही बहुतेक वरून मारत असणार, कोळी खाली बसलेला असतो. फवाऱ्याचं तोंड वर वळवून खालून मारा. नवीन येणाऱ्या पानांवर ठिपके नाहीत असं दिसलं की थांबा, जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यावरून ठरवू नका.

वांगीवाला:

यात एक भर. फवारा द्यायच्या आधी काटेगुलाब ताईंच्या गुलाबावर होती तशी दोऱ्यांवरची अंडी तुमच्याही पानांवर आहेत का ते बघून ठेवा, असतील तर तेवढी फांदी सोडून बाकी धुवा.